हीलरला किती हात लागतात?

"ताई,

वय २७, राहणार सांगली. गेल्या पावसाळ्यात मोटरसायकल घसरली. उजव्या हाताकडे जाणाऱ्या नसा मानेपाशीच तुटल्या, डॉक्टर ब्रेकियल प्लेक्सस इंजरी म्हणतात. ऑपरेशन झालंय, फिजिओ चालू आहे, पण हात अजून नुसता लोंबतो. नोकरी टिकली. डाव्या हाताने टायपिंग, जेवण, गाडीत चढणं-उतरणं सगळं जमवलं.

एक गोष्ट जमत नाहीये. कॉलेजपासून वर्ल्ड ऑफ वॉरक्राफ्ट हा ऑनलाइन गेम खेळतो. गिल्डमध्ये, म्हणजे आमच्या खेळाडूंच्या गटात, मी हीलर, सोबत्यांना जगवणारा; पात्र प्रीस्ट. शनिवारी रात्री रेड असते, म्हणजे सगळ्यांनी मिळून मोठ्या शत्रूंशी, बॉसशी, लढायचं. वीसेक जण, त्यात चार हीलर, चौघांत मी सगळ्यात जुना. अपघाताचं फक्त दोन कॉलेजमित्रांना माहीत आहे, बाकी गिल्डला 'पर्सनल प्रॉब्लेम' एवढंच सांगून गायब झालो. एका रात्री गुपचूप लॉगिन केलं. धावता धावता एकालाही हील करता येईना. लॅपटॉप बंद केला.

एक मित्र म्हणतो, आता गेममध्येच एक बटण दाबत राहायची सोय आली आहे, डीपीएस, म्हणजे नुसता मारणारा, हो आणि परत ये. मला ते चीटिंग वाटतं. दुसरा म्हणतो, शंभर डॉलरचा खास कंट्रोलर मागव. इथे ऑपरेशनचं कर्ज फिटायचंय. बाबा म्हणतात, सरकारने ऑनलाइन गेमवर बंदीच घातली आहे, तेव्हा विषय संपला. हात परत येईपर्यंत थांबू, की सोडूनच देऊ?"

ताई म्हणून लिहिलंस, म्हणून मीही अरे-तुरेच करते.

'हात परत येईपर्यंत' हे वाक्य आधी खोडू या. नस वाढते ती दिवसाला साधारण एक मिलीमीटर. मानेपासून दंडाच्या स्नायूपर्यंत पोचायला महिने लागतात, बोटांपर्यंत पोचायला त्याहून कितीतरी जास्त. आणि बोटांची बारीक हालचाल किती येईल हे चांगला सर्जनसुद्धा छातीठोकपणे सांगत नाही. येऊ दे, नक्की येऊ दे, फिजिओ एक दिवस चुकवू नकोस. पण खेळाचा बेत त्यावर टांगून ठेवलास तर ते न सांगता सोडल्यासारखंच आहे. बेत डाव्या हाताचा कर. उजवा आला तर त्याला काहीतरी काम देता येईल.

त्या रात्री लॅपटॉप बंद केलास, तेव्हा नेमकं काय फसलं ते बघ. तुझी सगळी मांडणी दोन हातांची होती: डावा हात चालायच्या बटणांवर, उजवा माऊसवर. हा गेम २००४ चा, त्याची मूळ घडणच तशी. त्यातला एक हात काढून घेतला आणि बाकी सगळं जागच्या जागी ठेवलं, तर कुणालाच खेळता येणार नाही. तू डाव्या हाताची परीक्षा घेतलीच नाहीस अजून.

आता मजेची गोष्ट. तुझा मित्र तुला हीलिंग सोडून डीपीएसकडे पाठवतोय, आणि मला वाटतं नेमकं उलटं आहे. एका हाताने खेळायला या गेममध्ये हीलरइतकी सोयीची जागा दुसरी नाही. डीपीएसला एका शत्रूवर ठरावीक क्रमाने डझनभर बटणं भराभर दाबायची असतात. हीलर काय करतो? सोबत्यांच्या वीस चौकटींकडे बघतो, कुणाची प्राणांची पट्टी खाली चालली आहे ते हेरतो, आणि त्या चौकटीवर योग्य मंत्र टाकतो. म्हणजे निम्मं काम मुळात माऊसचंच आहे. गेममध्ये क्लिक कास्टिंग नावाची सोय आहे, कोणतं बटण काय करेल ते ठरवायच्या, कीबाइंडच्या पानावरच सापडेल. चौकटीवर डावं क्लिक केलं की एक हील, उजवं केलं की दुसरा, चाक दाबलं की शील्ड, बाजूच्या बटणावर डिस्पेल, म्हणजे सोबत्यावरची बाधा उतरवणं. आधी माणूस निवडा, मग कीबोर्डवर मंत्र शोधा, ही दोन पावलं एकाच पावलात होतात. दोन्ही हात धड असलेले पुष्कळ हीलर वर्षानुवर्षं असेच खेळतात. क्लीक किंवा व्हूडू ही गेमला वरून जोडायची अ‍ॅडऑन याच कामासाठी आहेत, तू नावं ऐकली असशीलच.

आधी माऊस. दुकानातले बहुतेक गेमिंग माऊस उजव्या तळव्याच्या आकाराचे असतात, डाव्या हातात धरले की बाजूची बटणं करंगळीकडे जातात. दोन्ही हातांना चालणारा, सरळ आकाराचा साधा माऊस घेऊन सुरुवात कर आणि विंडोजच्या सेटिंगमध्ये मुख्य बटण बदलून घे, म्हणजे तर्जनीखाली मुख्य क्लिक येईल. हे महिनाभर अंगवळणी पडलं आणि बटणं खरंच कमी पडायला लागली, तरच पुढचा खर्च. रेझरने नागा या माऊसची डावखुऱ्यांसाठी वेगळी आवृत्ती काढली होती, अंगठ्याखाली बारा बटणं असलेली. ती कुठे मिळाली, अगदी वापरलेली मिळाली, तरी तुझ्यासाठी ती त्या शंभर डॉलरच्या कंट्रोलरपेक्षा जास्त उपयोगाची आहे.

मग पाय. ते दोन्ही शाबूत आहेत आणि रेडच्या वेळी टेबलाखाली रिकामे बसलेले असतात. यूएसबी फूट पेडल नावाची वस्तू ऑनलाइन मिळते, एका, दोन किंवा तीन पेडलांची. संगणकाला ती कीबोर्डसारखीच दिसते आणि प्रत्येक पेडलला हवं ते बटण नेमून देता येतं. घेताना एवढंच बघ की पाय दाबून धरला तर बटणही दाबलेलंच राहतं का. काही स्वस्त पेडल फक्त एकदा टकटक करून गप्प बसतात, ती आपल्या कामाची नाहीत. डाव्या पायाखाली पुढे चालणं ठेव. उजव्या पायाखाली शिफ्ट. शिफ्ट पायात गेलं की माऊसवरच्या प्रत्येक बटणाला दुसरा अर्थ मिळतो, पाच बटणांची दहा होतात.

तुझ्या 'धावता धावता हील होईना' या तक्रारीचं मूळही इथेच आहे. एकट्या माऊसने चालायचं म्हणजे दोन्ही बटणं एकदम दाबून धरायची, आणि ती धरली की कर्सर अडकतो, चौकटींपर्यंत जातच नाही. चालणं पायात किंवा ऑटोरनच्या (एकदा दाबलं की पात्र आपोआप चालत राहतं) एका बटणात गेलं की कर्सर मोकळा. शिवाय तुला माहीत आहे, प्रीस्टचे मोठे हील तसेही उभं राहूनच टाकावे लागतात. धावताना लागतात ते शील्डसारखे चटकन सुटणारे मंत्र, तेवढे सगळ्यात सोप्या बटणांवर ठेव. २०२२ पासून गेममध्ये एडिट मोड आहे, त्यात रेडच्या चौकटी स्क्रीनच्या मध्यापाशी, तुझ्या पात्राच्या जरा खाली ओढून आण आणि मोठ्या कर. मनगटाचा प्रवास कमी होतो, आणि पायाखाली पेटलेली आगही दिसते. इंटरॅक्ट की सुद्धा चालू कर. दार, प्रेत, दुकानदार यांच्यावर कर्सर नेमका ठेवायची गरज राहत नाही.

आता चीटिंग. तुझं मन इथे अडलंय, म्हणून मी पण इथे जरा रेंगाळणार आहे.

गेम काढणाऱ्या ब्लिझार्ड कंपनीचा नियम थोडक्यात असा की एका दाबाला एक कृती. गेमच्या आतले मॅक्रो, म्हणजे बटणावर ठेवायच्या छोट्या लिखित आज्ञा, या नियमात बसवूनच दिलेले आहेत: एका मॅक्रोला २५५ अक्षरांची मर्यादा, आणि ग्लोबल कूलडाऊन, म्हणजे दोन मंत्रांमधला सक्तीचा थांबा, सुरू करणारा मंत्र एका दाबात एकच सुटतो. पण त्या मॅक्रोला अट घालता येते. कर्सरखाली आपला माणूस असेल तर हील, शत्रू असेल तर मार. एकाच बटणावर दोन मंत्र, आणि दोन्ही कायदेशीर. तुझ्या बटणांची यादी अशाने बरीच आटोपशीर होईल. याउलट महागड्या कीबोर्डांबरोबर येणारं सॉफ्टवेअर, ज्यात एक बटण दाबलं की पाच मंत्र मोजक्या अंतराने आपोआप सुटतात, त्याच्या जवळ जाऊ नकोस. २०२० च्या नोव्हेंबरमध्ये कंपनीने एका दाबात अनेक पात्रं चालवणाऱ्या सॉफ्टवेअरवरही बंदी घातली, म्हणजे या बाबतीत ते ढिले नाहीत. हात गेलाय म्हणून सूट मिळेल असं धरून चालू नकोस. अकाउंट गेलं तर मोठी पंचाईत.

मित्राने सांगितलेली एक बटणाची सोय मात्र या पंगतीत बसत नाही. ती कंपनीनेच २०२५ मध्ये गेममध्ये घातली, सगळ्यांना खुली आहे, आणि तिचा फार फायदा उठवला जाऊ नये म्हणून तिने टाकलेल्या प्रत्येक मंत्रामागे किंचित जादा थांबा ठेवला आहे. चांगला खेळाडू हाताने तिच्यापेक्षा जास्तच डॅमेज काढतो. ज्याला दोन बोटांपलीकडे हालचाल नाही, ज्याचे सांधे दहा मिनिटांत सुजतात, त्याला त्या एका बटणामुळे निदान गेममध्ये पाऊल ठेवता येतं. त्याला चीटर म्हणणाऱ्याशी मी भांडेन. या गेमच्या क्लासिक आवृत्तीसाठी स्कू नावाचं एक अ‍ॅडऑन आहे, ते अंध खेळाडूंना मेनू वाचून दाखवतं आणि आवाजाच्या खुणांनी वाट दाखवतं. डोळस माणसाला जे फुकटात दिसतं तेच कानाने मिळवणं ही चोरी कशी? तुझ्या पायाखालच्या शिफ्टचंही तेच.

तरीही तू ते एक बटण घेऊ नयेस असं मला वाटतं, आणि कारण नीतीचं नाही. ते फक्त मारायचे मंत्र सुचवतं. टँक (शत्रूचा मार अंगावर घेणारा) आणि डीपीएस दोघेही पडायला आलेत आणि मंत्र टाकायची शक्ती एकाचपुरती उरलीय, तेव्हा कुणाला सोडायचं हे ते ठरवत नाही. तू इतकी वर्षं हीलर राहिलास तो याच एका क्षणासाठी. डीपीएस होऊन एक बटण बडवत बसलास तर तिसऱ्या शनिवारी कंटाळशील, आणि मग म्हणशील, बघा, जमलं नाही.

कंट्रोलरचं झटपट सांगते. मित्र म्हणतो तो एक्सबॉक्स अडॅप्टिव्ह कंट्रोलर असणार. २०१८ मध्ये आला, मागच्या बाजूला एकोणीस जॅक, त्यांना हवी तशी बटणं, पेडल, जॉयस्टिक बाहेरून जोडायची. फार विचारपूर्वक केलेली वस्तू आहे. पण ती मधला डबा आहे, जोडायची बटणं निराळी विकत घ्यावी लागतात. ज्यांना कुठलाच हात पुरेसा चालत नाही, हनुवटीने, कोपराने, मानेने खेळावं लागतं, त्यांना ती खरी लागते. तोंडाने फुंकून-ओढून चालवायचा क्वाडस्टिकही असतो. अमेरिकेतली एबलगेमर्स आणि इंग्लंडमधली स्पेशलइफेक्ट या संस्था अशा खेळाडूंची मांडणी बसवून देण्याचंच काम करतात. तुझा एक हात पूर्ण चालतो. पैसे ठेव.

आवाजी आज्ञांचाही सल्ला तुला कुणीतरी देईलच. बोललेला शब्द ओळखून बटण दाबायला वेळ जातो, आणि या गेममध्ये दोन मंत्रांमधलं अंतर फार तर दीड सेकंद. बॉसच्या तोंडी ते चालत नाही. घोड्यावर बसणं, पोशन पिणं, नकाशा उघडणं यासाठी ठीक. आणि डिस्कॉर्डचा माइक उघडा राहिला तर तुझ्या 'पोशन, पोशन' वर अख्खी गिल्ड हसेल. तिसरं पेडल असेल तर त्यावर पुश-टू-टॉक ठेव, म्हणजे दाबशील तेवढाच वेळ माइक चालू.

सराव कुठे? शनिवारच्या रेडमध्ये नाही, हे उघड आहे. २०२४ च्या जानेवारीत फॉलोअर डंजन आले, डंजन म्हणजे पाच जणांची छोटी मोहीम. त्यात बाकीचे चौघे संगणकाचे असतात. ते मेले तर चिडत नाहीत, 'हीलर झोपला का' असं टाइप करत नाहीत. तिथे आधी नुसतं चालणं, मग चालता चालता शील्ड, मग डिस्पेल. नंतर डेल्व्ह, त्या छोट्या मोहिमांवरही एकट्याने जाता येतं, गेमचाच एक साथीदार सोबतीला असतो. दोन्हीकडे हात बसला की मित्रांना घेऊन साधं डंजन. वेग फारच नकोसा वाटायला लागला तर फायनल फँटसी १४ बघ, तिथे दोन मंत्रांमध्ये मुळात अडीच सेकंद मिळतात आणि फ्री ट्रायल ७० व्या लेव्हलपर्यंत जाते. किंवा ओल्ड स्कूल रूनस्केप, जिथे बहुतेक सगळं नुसत्या क्लिकवर, फोनवर तर एका अंगठ्याने होतं. पण तुझं पत्र वाचून वाटतं की तुला गेम नकोय, ती गिल्ड हवी आहे.

म्हणून गिल्डशी बोल. नॉर्वेचा मॅट्स स्टीन नावाचा मुलगा होता, स्नायू झिजवणारा ड्यूशेन हा आजार असलेला. याच गेममध्ये, स्टारलाइट नावाच्या गिल्डमध्ये तो आयबेलिन या नावाने वावरायचा. आपल्याला काय झालंय ते त्याने गिल्डला वर्षानुवर्षं सांगितलं नाही. २०१४ मध्ये, पंचविसाव्या वर्षी तो गेला. पोरगं एकटं पडलं होतं असं समजणाऱ्या आईवडिलांना गिल्डच्या लोकांची पत्रं यायला लागली, काही जण तर अंत्यविधीला परदेशातून आले. त्याच्यावर २०२४ मध्ये माहितीपट आला तेव्हा मला पुष्कळांनी विचारलं, त्याने आधीच सांगायला नको होतं का? माझं उत्तर, तो त्याचा प्रश्न. गेममध्ये धडधाकट असण्याची मुभा त्याला हवी होती, ती त्याने घेतली. तुझं वेगळं आहे. तुझ्या हातावर वीस जणांची रात्र अवलंबून असते, आणि तू गायब झाल्यावर ते काहीतरी समजून बसलेच असतील. 'पर्सनल प्रॉब्लेम' म्हणजे भांडण झालं, लग्न ठरलं, काहीही.

सगळ्यांना सांगायची गरज नाही. रेड लीडरला सांग. एक्सरे, ऑपरेशन यातलं काही नको, कामापुरतं. काहीसं असं लिही: "उजवा हात अपघातात गेला, नसांचं काम आहे, वेळ लागेल. डाव्या हाताने आणि पेडलने हीलिंगचा सराव करतोय. दोन गोष्टी लागतील. ज्या बॉसमध्ये सतत पळायचं असतं तिथे मला राखीव ठेव, आणि डिस्पेलची जबाबदारी सध्या दुसऱ्याला दे. बाकी जागी मला इतरांसारखंच धर, चुकलो तर सांग." लोकांना सहानुभूतीचं काय करायचं ते कळत नाही, नेमक्या मागणीचं कळतं.

हे सगळं करताना एका गोष्टीला जप. तुझा डावा हात आता ऑफिसचा माऊस, फोन, जेवण सगळं एकटाच करतो. त्यात रोज रात्री चार तास गेम घातलास तर मनगट बोलायला लागेल, आणि त्याला राखीव गडी नाही. अर्ध्या-पाऊण तासाने उठ. मुंग्या किंवा दुखणं सकाळपर्यंत राहिलं तर दोन दिवस खेळ बंद. फिजिओकडे जातोस तिथे ऑक्युपेशनल थेरपिस्ट आहे का विचार, हाताच्या रोजच्या कामांची मांडणी बसवणं हाच त्यांचा विषय. टेबलाची उंची, लोंबणाऱ्या खांद्याला आधार, हे त्यांना दाखवून घे. मुंबईला जाणं झालं तर हाजीअलीला केंद्र सरकारची पुनर्वसन संस्था आहे, तिथेही हा विभाग आहे. 'मला गेम खेळायचाय' हे तिथे सांगायला लाजू नकोस.

बाबांना सांग की २०२५ च्या कायद्याने बंदी आली ती पैसे लावून खेळायच्या ऑनलाइन खेळांवर. महिन्याची वर्गणी भरून खेळायचे, जिथे पैजेचे पैसे लागत नाहीत आणि जिंकून मिळत नाहीत, असे खेळ त्या बंदीत येत नाहीत. पण बाबांची खरी काळजी कायद्याची नसावी. मोटरसायकलनंतर त्यांना तुझ्या बाबतीत कशालाच हो म्हणायची भीती वाटत असेल. वर्गणीचे पैसे घरखर्चातून जाणार नाहीत आणि फिजिओची वेळ मोडणार नाही, एवढं त्यांना आपणहून सांगून टाक.

रेड लीडरचं उत्तर 'अरे, तू आधी बरा हो' असं येण्याची शक्यता बरीच आहे. तो नकार नाही, पण होकारही नाही. त्यावर थँक्यू म्हणून गप्प बसू नकोस, सरावासाठी सोप्या बॉसची एखादी रात्र कधी आहे ते विचार आणि तारीख घे.